कीटकनाशकं, फळमाशी आणि जनुकीय इजा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थी, स्वतः फवारणी करणारे शेतकरी आणि 'अमुक औषधाने जनुकं बिघडतात' अशी बातमी वाचून धास्तावलेले लोक, या तिघांकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच खरी गोम आहे.

ही फळमाशी म्हणजे आंब्या-पेरूत अळ्या पाडणारीच का?

नाही. बागेत नुकसान करते ती बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, अंगाने चांगली घरमाशीएवढी. तिच्या नरांसाठी आपण मिथाइल युजेनॉलचे सापळे लावतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा त्यातलाच. प्रयोगशाळेत वापरतात ती ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांवर घोंगावणारं दोन-तीन मिलिमीटरचं लाल डोळ्यांचं चिलट. दोघींची कुळंसुद्धा वेगळी. इथून पुढे 'माशी' म्हटलं की ड्रोसोफिलाच समजा.

कीटकनाशक तर कीटक मारायलाच बनवलेलं असतं. मग त्याची चाचणी कीटकावर करून काय कळणार?

आमच्या मते हा या पानावरचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि प्रकल्प लिहिणारे बहुतेकजण तो टाळून पुढे जातात.

कीटकनाशक माशीला मारतं ते बहुतेक वेळा मज्जासंस्थेवर घाला घालून. क्लोरपायरिफॉस, मॅलॅथिऑन यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं असेटाइलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडतात, सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड्स चेतापेशींतल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतात, इमिडाक्लोप्रिड निकोटिनिक ग्राहींना जाऊन चिकटतं. यातल्या एकाही क्रियेत डीएनएला हात लागायची गरज नसते. आपल्याला तपासायचं असतं ते निराळंच: माशी जिवंत ठेवणाऱ्या मात्रेतही हे रसायन, किंवा शरीरात त्याचं रूपांतर होऊन बनलेलं दुसरं काही, गुणसूत्रांपर्यंत पोचतं का?

म्हणून आधी मारक मात्रा काढावी लागते. अळ्यांना चढत्या मात्रा द्यायच्या, किती कोषात जातात आणि किती माशा बाहेर पडतात ते मोजायचं, आणि बऱ्यापैकी माशा जगतात तेवढ्या पट्ट्यातल्याच मात्रा मुख्य चाचणीसाठी निवडायच्या. अडचण अशी की कीटकनाशकाच्या बाबतीत हा पट्टा फारच चिंचोळा निघतो. एखादा खाद्यरंग माशीला भरपूर पाजता येतो. इमिडाक्लोप्रिडचं तसं नाही, मात्रा जरा वाढवली की बाटलीत काळवंडलेल्या अळ्यांचा खच पडतो. डीएनएला हळूच धक्का देणारं रसायन असेल, तर तो धक्का दिसण्याइतकी मात्रा आपण माशीला देऊच शकत नाही.

त्यामुळे कीटकनाशकाचा 'निगेटिव्ह' निकाल हा रंगाच्या किंवा मानवी औषधाच्या 'निगेटिव्ह'पेक्षा कमी वजनाचा असतो. अहवालात हे वाक्य नसेल तर परीक्षकाने विचारावं.

मग जिवाणू किंवा उंदीर सोडून माशीच का?

बर्कलीच्या ब्रूस एम्स यांची जिवाणूंवरची चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण जिवाणूला यकृत नसतं. अनेक रसायनं मुळात निरुपद्रवी असतात आणि यकृतातल्या विकरांनी त्यांची मोडतोड केल्यावरच डीएनएला डसतात. म्हणून एम्स चाचणीत उंदराच्या यकृताचा अर्क वरून घालावा लागतो. माशीच्या शरीरात ही सायटोक्रोम पी-४५० कुळातली विकरं जन्मजात असतात.

बाकी सोयी सर्वांना ठाऊक आहेत. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून माशी साधारण दहा दिवसांत, गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या, २००० सालापासून हाताशी असलेला जवळजवळ पूर्ण जनुकसंच. शिवाय या क्षेत्राचा पायाच माशीवर घातला गेला. क्ष-किरणांनी उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांत कायमचे बदल, होतात हे हर्मन म्यूलर यांनी १९२७ मध्ये माशीवरच दाखवलं आणि १९४६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रसायनांनीही तेच होतं हे एडिनबरात शार्लट आउअरबाख आणि जे. एम. रॉब्सन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मस्टर्ड गॅस वापरून सिद्ध केलं. युद्धातलं गुपित म्हणून त्यांचं काम सविस्तर छापून यायला १९४६ पर्यंत थांबावं लागलं.

पंखावरच्या ठिपक्यांची चाचणी म्हणजे नेमकं काय? दिसतं तरी काय?

माशीच्या पंखाचा तुकडा चारशे पट मोठा करून पाहिला की नीट विंचरल्यासारखे केस दिसतात. प्रत्येक पेशीला एक केस, सगळे एकाच दिशेला झुकलेले. एका पंखावर अशा चोवीस हजारांच्या आसपास पेशी असतात. ही चाचणी म्हणजे त्यातली बिघडलेली पेशी हुडकणं.

बिघाड ओळखण्यासाठी तिसऱ्या गुणसूत्रावरची दोन जनुकं खुणेला घेतात. 'मल्टिपल विंग हेअर्स' बिघडलं की एका पेशीतून एकाऐवजी तीन, चार किंवा जास्त केसांचा झुबका निघतो. 'फ्लेअर' बिघडलं की केस आखूड, जाड आणि ज्योतीसारखा वेडावाकडा होतो. माशी अशी तयार करतात की तिच्या एका गुणसूत्रावर पहिल्या जनुकाची सदोष प्रत असते आणि जोडीतल्या दुसऱ्यावर दुसऱ्याची. दोन्हींची एकेक चांगली प्रत शिल्लक असल्यामुळे पंख नॉर्मलच दिसतो. अळीच्या अवस्थेत, पुढे पंख होणाऱ्या पेशी विभागत असताना, एखाद्या पेशीतली चांगली प्रत गेली की तिची सगळी पिलावळ झुबकेदार किंवा वाकड्या केसांची निघते. हाच ठिपका.

साधारण ७२ तासांच्या अळ्या मिठाच्या दाट पाण्यात तरंगवून वेगळ्या करतात आणि औषधाचं द्रावण घालून भिजवलेल्या कोरड्या तयार माध्यमावर सोडतात. कोषात जाईपर्यंत त्या तेच खात राहतात. माशा बाहेर आल्या की ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायच्या, मग पंख उपटून काचपट्टीवर बसवायचे आणि दोन्ही बाजू पेशी-पेशीने वाचायच्या.

एक-दोन पेशींचा ठिपका लहान, त्याहून मोठा तो मोठा. पेशी दर विभाजनाला दुप्पट होत असल्याने मोठा ठिपका म्हणजे इजा लवकर झालेली. नवख्या माणसाला पहिले काही दिवस शिरांजवळचा प्रत्येक केस वाकडाच दिसतो. जुन्या वाचकाशेजारी बसून काही पंख दोघांनी वेगवेगळे वाचून ताडून पाहिल्याशिवाय आकडे वहीत उतरवू नयेत. काचपट्टीवर नुसता क्रमांक असावा, मात्रा नसावी. माहीत असलं की डोळा हवं ते शोधतो.

जोडठिपका म्हणजे काय, आणि त्याचं एवढं कौतुक का?

झुबक्यांचा ठिपका आणि ज्योतकेसांचा ठिपका एकमेकांना खेटून असतील तर तो जोडठिपका. साध्या उत्परिवर्तनाने तो होत नाही. एकाच वेळी शेजारी-शेजारी दोन वेगळी जनुकं बिघडायची म्हणजे योगायोगच. तो होतो पेशीविभाजनाच्या वेळी जोडीतल्या गुणसूत्रांनी आपसात तुकडे बदलले की: एका कन्यापेशीकडे एका जनुकाच्या दोन्ही सदोष प्रती, दुसरीकडे दुसऱ्याच्या. शरीरपेशींत असं होतं हे कर्ट स्टर्न यांनी १९३६ मध्ये माशीतच दाखवलं होतं.

याचं महत्त्व असं की माणसाच्या काही कर्करोगांतही शेवटचा घाव हाच असतो. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमात एक प्रत आधीच खराब असते, आणि उरलेली चांगली प्रत अशा अदलाबदलीत हरवली की गाठ सुरू होते. जिवाणूंच्या नेहमीच्या चाचणीत ही इजा दिसतच नाही.

चाचणीच्या माशा दोन वाणांच्या संकरातून येतात. त्यातल्या निम्म्या माशांच्या पंखांची कड करवतीसारखी कातरलेली असते. त्यांच्यात एक 'बॅलन्सर' गुणसूत्र असतं आणि ते अदलाबदल होऊ देत नाही. त्यांच्या पंखावर येणारे ठिपके त्यामुळे निव्वळ उत्परिवर्तनाचे. साध्या आणि कातरलेल्या पंखांवरच्या ठिपक्यांची तुलना केली की एकूण इजेतला किती हिस्सा अदलाबदलीचा, हे कळतं. पुष्कळ प्रकल्पांत कातरलेले पंख 'वेळ नाही' म्हणून टाकून देतात. फुकट मिळालेली निम्मी माहिती कचऱ्यात!

डीडीटीला न जुमानणाऱ्या माशा या चाचणीत कुठून आल्या?

नेहमीच्या संकराबरोबर आणखी एक संकर लावतात, 'जास्त सक्रियकरणाचा'. त्यातल्या एका वाणाची पहिली दोन गुणसूत्रं डीडीटीला दाद न देणाऱ्या ओरेगॉन-आर माशांकडून घेतलेली आहेत. डीडीटी पचवायला त्या माशांनी पी-४५० विकरांचं उत्पादन कायमचं वाढवून ठेवलं होतं. संशोधकांनी त्याचाच फायदा उठवला: ज्या रसायनांना डसण्याआधी अशा विकरांची गरज असते, ती या माशीत लगेच उघडी पडतात.

नैसर्गिक माशांमध्येही हे घडलेलं आहे. त्यांच्या 'सायप६जी१' या जनुकाच्या शेजारी एक उडता डीएनए-तुकडा येऊन बसल्यामुळे ते जनुक जोरात चालतं आणि माशी डीडीटीला पुरून उरते. हे २००२ मध्ये उघड झालं. तेच जनुक इमिडाक्लोप्रिडलाही तोंड देतं.

कीटकनाशक तपासताना मात्र या वाणाचा निकाल जपून वाचावा. पी-४५० दोन्हीकडून काम करतं. मॅलॅथिऑनचं मॅलॅऑक्सॉन आणि क्लोरपायरिफॉसचं ऑक्सॉन ही जास्त जहाल रूपं तेच बनवतं, आणि कित्येक औषधांची विल्हेवाटही तेच लावतं. त्यामुळे एकच मात्रा एका संकराला सोसते आणि दुसऱ्याला नाही. दोन्ही संकरांच्या मारक मात्रा वेगळ्या काढल्या नसतील, तर त्यांच्या ठिपक्यांची तुलना हवेत राहते.

पुढच्या पिढीवर परिणाम होतो का, हे कशात कळतं?

पंखाची चाचणी शरीरपेशींची आहे. पुढच्या पिढीबद्दल ती काही सांगत नाही. त्यासाठी म्यूलर यांच्या कामातून आलेली लिंगसंलग्न अप्रभावी मारकांची, म्हणजे एक्स गुणसूत्रावरच्या जीवघेण्या उत्परिवर्तनांची, चाचणी आहे. नराला औषध द्यायचं आणि त्याचा संकर 'बास्क' वाणाच्या मादीशी करायचा. या वाणाच्या एक्स गुणसूत्रावर पट्टीसारख्या बारीक, फिकट डोळ्यांची खूण असते. दुसऱ्या पिढीत नेहमीच्या गोल लाल डोळ्यांचे नर एखाद्या बाटलीत दिसलेच नाहीत, तर समजावं की औषध दिलेल्या नराच्या त्या शुक्राणूतल्या एक्स गुणसूत्रावर मारक उत्परिवर्तन झालं होतं. निर्णय बिनचूक, पण बाटल्या हजारोंनी लागतात, कारण काहीही न देताही हजारात एक-दोन गुणसूत्रांवर असं मारक सापडतंच.

धूमकेतू चाचणी?

अळीच्या आतड्यातल्या, मेंदूतल्या किंवा रक्तातल्या पेशी ॲगरोजच्या थरात बसवून अल्कधर्मी द्रावणात विजेच्या क्षेत्रात ठेवतात. तुटलेला डीएनए पुढे सरकतो आणि पेशीला शेपूट फुटते. निकाल दोन-तीन दिवसांत. पण ही मोडतोड काही तासांत दुरुस्तही होऊ शकते, म्हणून धूमकेतूला उत्परिवर्तन म्हणू नये. दुसरं म्हणजे, मरायला टेकलेल्या पेशीचीही शेपूट लांबते. कीटकनाशकाच्या बाबतीत हा घोळ नेहमीचा. (रंगवायला वापरतात ते इथिडियम ब्रोमाइड स्वतःच डीएनएत घुसतं, तेव्हा हातमोजे विसरू नका.)

किती पंख वाचले म्हणजे पुरे?

औषध न देताही दर तीन ते पाच पंखांमागे एखादा ठिपका सापडतो, तेव्हा दहा-वीस पंखांवर काहीच ठरत नाही. मात्रेमागे चाळीस ते साठ माशा धराव्यात. सोबत साधं पाणी, विद्रावक वापरला असेल तर नुसता विद्रावक, आणि ईएमएस (इथाइल मिथेनसल्फोनेट) सारखं हमखास इजा करणारं रसायन हवंच. ईएमएसच्या पंखांवर ठिपके दिसले नाहीत तर चूक वाणात आहे किंवा वाचणाऱ्यात. औषधाबद्दल बोलायचंच नाही.

या चाचणीची आकडेवारी नेहमीच्या टी-टेस्टची नाही. दोन गृहीतकं समोरासमोर ठेवतात: 'काहीच फरक नाही' आणि 'ठिपके ठरलेल्या पटीने वाढले', लहान ठिपक्यांना दुप्पट आणि मोठ्यांना व जोडठिपक्यांना पाचपट. त्यातून चार निकाल निघू शकतात: पॉझिटिव्ह, क्षीण पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि अनिर्णित. अनिर्णित लिहायला कुणी लाजू नये. त्याचा अर्थ एवढाच की आणखी पंख वाचा.

दुकानातली बाटली वापरायची की शुद्ध रसायन?

प्रश्न काय विचारायचा आहे त्यावर ठरतं. बाटलीत सक्रिय घटकासोबत विद्रावक आणि पाण्यात मिसळवणारे घटकही असतात, आणि लेबलवर त्यांचा सविस्तर पत्ता नसतो. बाटलीतलं औषध वापरून पॉझिटिव्ह आलं तर दोष कोणाचा, हे सांगता येत नाही. शुद्ध रसायन वापरून निगेटिव्ह आलं तर शेतकऱ्याच्या पंपात जे असतं ते तपासलंच गेलं नाही. शक्य असेल तर दोन्ही करा. आणि शेतात तर दोन-तीन औषधं, वर टॉनिक, वर स्टिकर असं एकाच पंपात कालवतात. त्या मिश्रणावर काम करणारा प्रकल्प आम्हाला कुठल्याही नव्या रेणूवरच्या प्रकल्पापेक्षा मोलाचा वाटतो.

आजवर कोणती कीटकनाशकं दोषी ठरली?

सरसकट यादी द्यायला हात धजत नाही, कारण एकाच औषधाचे निकाल चाचणीगणिक बदलतात. दोन उदाहरणं पुरेत.

सायपरमेथ्रिन जिवाणूंच्या चाचणीत साधारणपणे शांत असतं. लखनौच्या विषविज्ञान संशोधन संस्थेतल्या गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात मात्र, माशीच्या अळ्यांच्या मेंदूतल्या आणि आतड्यातल्या पेशींत मात्रेनुसार वाढणारी मोडतोड धूमकेतू चाचणीत दिसली.

डायक्लोरव्हॉसचं उलट. ते डीएनएला मिथाइल गट चिकटवू शकतं आणि जिवाणूंत उत्परिवर्तनं घडवतं, पण सस्तन प्राण्याच्या शरीरात त्याचे इतके झपाट्याने तुकडे होतात की तिथे तो परिणाम फारसा उमटत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये त्याला '२-ब' म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. भारतात ते ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे.

त्याच संस्थेने २०१५ मध्ये लिंडेनला पहिल्या म्हणजे 'कर्करोगकारक' गटात, तर मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि डीडीटीला '२-अ' म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं. हे गट पुराव्याची ताकद सांगतात, धोका किती मोठा हे सांगत नाहीत. आणि वर उल्लेखलेलं मिथाइल युजेनॉलही २०२३ मध्ये '२-अ'त गेलं. ते सापळ्यात असतं, फळावर फवारलं जात नाही, तेव्हा सापळे काढून टाकायची घाई नको. हात धुवा म्हणजे झालं.

माशीत पॉझिटिव्ह म्हणजे माणसाला कॅन्सर?

नाही. त्या मात्रेला, त्या वाटेने, त्या प्राण्याच्या डीएनएला हे रसायन पोचलं, एवढंच. अळी दोन दिवस औषधात लोळत तेच खात असते. भाजीवरच्या अवशेषांशी त्याची तुलना नाही. पण जो माणूस हंगामभर पाठीवर पंप घेऊन उघड्या अंगाने फवारतो, त्याच्या बाबतीत 'ही तर माशी' म्हणून सोडून देणंही बरं नाही. त्याच्या गालातल्या पेशी किंवा रक्त घेऊन सूक्ष्मकेंद्रकं (मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेले गुणसूत्रांचे तुकडे) मोजायची, ही पुढची पायरी.

२०१७ ची यवतमाळची विषबाधा यातच येते का?

नाही. कापसावर फवारताना वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले, ती तीव्र विषबाधा होती. ती तासा-दिवसांत दिसते. जनुकीय इजा दिसायला वर्षं लागतात, आणि तोवर कोणत्या औषधाने झाली हे सांगायला कुणी उरत नाही. एकीच्या उपायांनी, म्हणजे मुखवटा, हातमोजे, वाऱ्याची दिशा यांनी, दुसरीही कमी होते.

नोंदणीसाठी सरकार ही चाचणी मागतं का?

केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे विषविज्ञानाची माहिती द्यावी लागते आणि त्यात उत्परिवर्तनाच्या चाचण्याही असतात, पण भर जिवाणू, पेशीसंवर्धन आणि उंदीर यांवर. माशीची लिंगसंलग्न मारकांची चाचणी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रमाण चाचण्यांच्या यादीत १९८४ पासून होती, ती २०१४ मध्ये वगळली गेली. पंखाची चाचणी तिथे कधी नव्हतीच. ती मुख्यतः संशोधनाची आणि प्राथमिक छाननीची.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात जमेल?

जमेल. माशीसाठी प्राणी-नैतिकता समितीच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. माशा वाढवायला मैसूर विद्यापीठात रुळलेलं माध्यम उत्तम: लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम रवा, शंभर ग्रॅम गूळ, दहा ग्रॅम आगर, आणि बुरशी धरू नये म्हणून साडेसात मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल, वर थोडं यीस्ट. वाणांसाठी मैसूरच्या ड्रोसोफिला केंद्राकडे किंवा माशीवर काम करणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेकडे आधी पत्र टाका.

खरी कसोटी कुमारी माद्या जमवण्याची. कोषातून निघाल्यावर आठ तासांच्या आत वेगळ्या केल्या नाहीत तर त्या नराशी जुळलेल्या असू शकतात आणि संकर बाद. नुकती निघालेली मादी फिकट असते, पोटात एक गडद ठिपका दिसतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, रविवार धरून.

आणि इमारतीत डासांची फवारणी कधी आहे ते शिपायाला विचारून ठेवा. पायरेथ्रॉइडचा एक फवारा शेजारच्या खोलीत झाला तरी महिन्याभराचे वाण आडवे होतात.

प्रयोगातलं उरलेलं कुठे टाकायचं?

बेसिनमध्ये नाही. औषधाचं माध्यम आणि मेलेल्या अळ्या वेगळ्या झाकणाच्या डब्यात भरून संस्थेच्या घातक कचऱ्यात द्याव्यात. ईएमएस सोडियम थायोसल्फेटच्या अल्कधर्मी द्रावणात एक दिवस ठेवून निष्प्रभ करावं. ज्या काचसामानाला ते लागलं तेही त्याच द्रावणात बुडवावं. जिवंत माशा खिडकीतून सोडू नका, गोठवून मारा.